पाहुण्यांना धूर नको म्हणून

सुनेने माझं मनगट धरलं आणि हातातली काडेपेटी हिसकावू लागली.

"आये, डोकं फिरलं काय तुमचं? खालून आग येते नि तुमी वर लावताय?"

मी दुसऱ्या हाताने तिच्या हातावर चापट मारली. जोरात मारली. ती मागे सरली. तिच्या मागे तीन पाहुणे उभे होते. मुंबईची एक बाई, तिचा नवरा आणि नवऱ्याचा मित्र. बाईचा डावा पाय घोट्यात मुरगळला होता, ती दगडाला टेकून एका पायावर उभी होती. खाली दोन शेतांच्या अंतरावर गवत पेटलं होतं आणि आग वर येत होती. आमच्या डोंगराची सोंड अरुंद आहे. दोन्ही अंगांना कडा, डोक्यावर उभा कातळ. उतरायची वाट एकच, ती आगीखाली गेली होती.

"अहो, धरा हिला कोणीतरी," मित्र ओरडला. "म्हातारी सगळ्यांना जाळेल!"

पहिली काडी विझली. दुसरी मोडली. तिसरीने गवत घेतलं.

सूर्य बघायला आली होती ही माणसं. तेवढ्यासाठी रात्रीचा प्रवास करून मुरबाडवरून आमच्या पाड्यावर गाडी आणली होती. मुंबईत सूर्य उगवत नाही काय, असं मी सुनेला विचारलं होतं. ती म्हणाली, "उगवतो, पन बिल्डिंगी आडव्या येतात." आमच्या इथे तर अख्खा सह्याद्री आडवा येतो. पाड्याच्या पूर्वेला घाटाची भिंत उभी आहे, त्यामुळे आमच्याकडे सूर्य उशिरा येतो. आधी कातळाचं टोक तांबडं होतं, मग सोंडेचं गवत, मग वरची शेतं, आणि माझ्या अंगणात ऊन उतरतं तेव्हा माझी भांडी घासून झालेली असतात. साठ वर्षं मी त्याला खाली येताना बघते आहे. त्याला भेटायला वर जायचं मला कधी सुचलं नाही. तो येतोच.

सुनेला मात्र हे काम लागलं. मुलगा वाशिंदच्या कारखान्यात, तिकडेच खोली करून राहतो, पंधरा दिवसांनी येतो. शेती दीड एकर. सुनेने कुठल्या तरी शिबिरात जाऊन गळ्यात अडकवायचं कार्ड आणलं, त्यावर तिचा फोटो आहे. शनिवार-रविवारी ती पाहुण्यांना डोंगरावर नेते आणि वाटेत त्यांना गोष्टी सांगते. या दगडावर एक राणी बसायची, त्या टाक्यात सोनं टाकलंय. मी एकदा विचारलं, "कुठली गो राणी? त्या दगडावर मी बसायचे, करवंदं निवडायला." ती म्हणाली, "आये, तुमची करवंदं बघायला कोन येईल?" त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मी चुलीकडे वळले.

तेव्हा चैत्र संपत आला होता. आमच्याकडे ते राब भाजायचे दिवस. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, झाडाचे वाळलेले टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर पसरायचे, वरून माती टाकायची आणि जाळायचं. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, रोप जोरात येतं. हे भल्या पहाटे करायचं, वारा पडलेला असतो तेव्हा. सभोवती दोन हात गवत खरवडून काढायचं. आणि राख गार होईपर्यंत एका माणसाने काठी घेऊन तिथेच बसायचं. चुलीवरचं दूध सोडून गेलात तरी चालेल, राब सोडून जायचं नाही. लहान पोरांनाही हे माहीत असतं.

मी शनिवारी पहाटे भाजणार होते. शुक्रवारी दुपारी सून म्हणाली, "आये, उद्या पाहुणे हायत. धूर वर चढला तर त्यांना सूर्य दिसायचा नाय. मंग ते फोनवर वाईट लिहितात."

"धुराला सांगू काय, आज जाऊ नको म्हणून?"

"तसं नाय. आज सांजच्यालाच भाजून टाका ना."

मी तिला चार शब्द ऐकवले, पण ऐकवून झाल्यावर भाजलं संध्याकाळीच. सभोवतीचं गवत खरवडलं, पण घाईत. तीन बाजूंनी नीट, आणि चौथ्या बाजूला, डोंगराच्या अंगाला, हात दुखायला लागले म्हणून जेमतेम. जाळ चांगला झाला. अंधार पडल्यावर तो बसला आणि मी तिथे बसून राहिले. नंतर घरात येऊन आडवी झाले, मध्ये दोनदा जाऊन बघून आले.

पहाटे निघायच्या वेळी अडचण झाली. डोंगरावरचं टाकं चैत्रात आटतं, त्यामुळे पाणी खालून न्यावं लागतं. सुनेबरोबर पाणी न्यायला शेजारची एक बाई जाते, तिला ताप आला होता. पाहुण्यांच्या पाठीवर एवढ्या मोठ्या पिशव्या, पण त्यात पाण्याला जागा नव्हती. मित्राच्या पिशवीत कॉफी करायची शेगडी होती, घडीची खुर्ची होती आणि खुर्चीला वेगळी पिशवी होती. सून माझ्याकडे बघायला लागली. मी पाण्याचा कॅन डोक्यावर घेतला आणि भाकरीचं फडकं कमरेला बांधलं.

निघताना राबावर गेले. काठीने वरवर ढोसलं. राख पांढरी दिसली, धूर नव्हता. शेण आतून दोन-दोन दिवस धुमसतं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. खाली हात घालून बघायला हवं होतं, आणि खरं तर बसायला हवं होतं. पण सून पुढे गेली होती, पाहुण्यांच्या कपाळावरचे दिवे हलताना दिसत होते, आणि मागे राहिले तर ती म्हणेल सासू थकली, एवढंच माझ्या मनात आलं. मी चालायला लागले.

वाटेत पाहुण्यांचं बोलणं ऐकत होते. नवऱ्याच्या मनगटावर एक घड्याळ होतं, ते त्याला किती पावलं चाललो आणि छाती किती धडधडते ते सांगत होतं. धडधडतेय हे त्याला घड्याळात बघून कळत होतं. मित्राचे बूट माझ्या म्हशीच्या किमतीचे असतील, आणि तो दर वळणावर घसरत होता. बाई त्या दोघांपेक्षा बरी. ती थोडं बोलायची, जास्त चालायची. तिने मला विचारलं, "आजी, तुम्ही रोज बघत असाल ना सूर्योदय?"

"रोज होतो," मी म्हटलं. "बघायला येळ कोनाला हाय?"

"मग आज बघा आमच्याबरोबर."

"आज पानी आनलंय तुमच्यासाठी."

ती हसली. आणि पुढे चालायला लागली. मला ते आवडलं.

कातळाखालच्या माळावर पोहोचलो तेव्हा आभाळ फटफटलं होतं. तिथे कातळाच्या एका अंगाला घाटाची भिंत तुटते आणि खिंडीतून पूर्व दिसते. तिथे मांडीएवढं वाळलेलं गवत, मध्ये चारपाच दगड. मित्राने खुर्ची मांडली. शेगडीवर कॉफी केली, सगळ्यांना बोटभर पेल्यात दिली. मलाही दिली. मी एक घोट घेतला. जळलेल्या राबाचं पाणी याहून बरं लागेल. मग नवरा म्हणाला, जरा वरच्या दगडावरून फोटो चांगला येईल. सून म्हणाली तो दगड हलतो. तो म्हणाला, फक्त दोन मिनिटं. बाई चढली, दगड हलला, ती खाली आली, आणि पाय मुरगळला. कापड बांधून तिला बसवेपर्यंत पूर्वेची कड तांबडी झाली. तिघेही तिकडे तोंड करून बसले, हातात फोन धरून.

मी एकटीच पश्चिमेकडे तोंड करून बसले होते, कारण घर तिकडे आहे. म्हणून धूर मला आधी दिसला.

पहिल्यांदा वाटलं कोणाची चूल. मग तो जागा बदलायला लागला. मी उठून माळाच्या काठावर गेले. सोंडेच्या पायथ्याशी, माझ्या शेताच्या वर, गवतातून तांबडी रेघ चालली होती. उतारावर आग माणसापेक्षा जोरात चढते. पळणाऱ्याला हे कळत नाही, कारण तो मागे बघत नाही.

"उठा," मी म्हटलं.

"एक मिनिट आजी, आता येतोच आहे," नवरा म्हणाला. सूर्याबद्दल बोलत होता तो.

"तो येईल न्हाईतर नाय येईल. आग येते. उठा!"

मग सगळ्यांनी बघितलं. मित्राने खुर्ची टाकली आणि वाटेकडे धावला. सुनेने त्याला सदऱ्याला धरून मागे ओढलं. "खाली कुठं जाता? खालीच हाय ती!" मग तो कातळाकडे धावला, दोन पुरुष उंचीएवढा चढला, आणि हात ठेवायला जागा मिळेना म्हणून घसरत खाली आला. नवरा फोन लावत होता. माळावर रेंज येत नाही, हे सुनेने त्याला येतानाच सांगितलं होतं. बाई म्हणाली, "तुम्ही जा. मला ठेवा इथे."

सून म्हणाली, "बाई, मी तुमाला आनलंय. मी नाय जायची."

जायचं कुठे, हा प्रश्नच होता. पण सून ते म्हणाली, आणि तिने बाईच्या काखेत हात घातला. मला तोवर वाटायचं की तिचं सगळं बोलणं त्या राणीच्या गोष्टीसारखंच. नव्हतं.

माझं माहेर शहापूरच्या अंगाला, भातसाच्या वरच्या रानात. बाप उन्हाळ्यात जंगलखात्याच्या रोजंदारीवर जाळरेषा काढायला, म्हणजे वणवा अडावा म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवायला, जायचा. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली, मग भाकर द्यायला मी जात असे. एकदा वारा फिरला आणि वणवा आमच्यावर आला. बाप पळाला नाही. त्याने आपल्या वरच्या बाजूचं गवत स्वतःच पेटवलं. ते जळत वर निघून गेलं, आणि मागे काळं रान राहिलं. त्या काळ्यावर मला घेऊन तो पालथा पडला. मोठी आग आली, तिला खायला काही मिळालं नाही, ती दोन्ही अंगांनी गेली. घरी आल्यावर म्हणाला, "आगीचं उष्टं आग खात नाय." त्यानंतर त्याने ती गोष्ट कधी काढली नाही. मीही विसरले होते. त्या माळावर आठवली.

तर तिसऱ्या काडीने गवत घेतलं. जाळ माझ्यापासून वर, कातळाकडे सरकायला लागला. मित्र अजून ओरडत होता. मी त्याला म्हटलं, "बाबा, ओरडायचं तर ओरड, पन अंगातला तो चकचकीत कोट काढ. पेटला तर कातड्याला चिकटेल."

"अहो, हा पाऊस, वारा सगळं..."

"आगीसाठी नाय ना? काढ!"

त्याने काढला. नवऱ्यानेही काढला. पिशव्या, खुर्ची, शेगडी, सगळं मी कड्यावरून खाली ढकलायला लावलं. शेगडीची गॅसची डबी मित्र हातात धरून उभा होता, ती सुनेने काढून घेतली आणि लांब भिरकावली. आता ती माझ्याकडे बघून काम करत होती. कळलं होतं तिला. तिची ओढणी, माझ्या लुगड्याचा फाडलेला पदर आणि भाकरीचं फडकं, सगळं कॅनच्या पाण्यात बुचकळलं. तोंडावर बांधायला दिलं. उरलेलं पाणी बाईच्या अंगावर ओतलं, कारण तिला पळता येणार नव्हतं.

"प्यायला?" नवऱ्याने विचारलं.

मी कॅन उपडा करून दाखवला.

आता खालची आग ऐकू येत होती. वाळक्या पानांवरून खूप गुरं चालत आली तर होतो तसा आवाज. आणि माझं जळीत अजून लहान होतं, एका खळ्याएवढं, कडेला अजून जाळ. सून म्हणाली, "आये, चला."

"थांब."

"आये, पाठ भाजते."

"भाजू दे. थांब."

आत लवकर गेलो असतो तर माझ्याच जाळात गेलो असतो. मी मोजलं नाही काही. समोरचं गवत बसलं आणि काळं दिसलं तेव्हा म्हटलं, "आता." नवऱ्याने आणि सुनेने बाईला उचललं. मित्र सगळ्यांच्या आधी आत पोहोचला. माझ्या पायात रबरी चपला होत्या, त्या तिसऱ्या पावलाला वितळल्या. मित्राच्या त्या म्हशीच्या किमतीच्या बुटांचे तळही सुटले, हे मी नंतर बघितलं.

"पालथं पडा. तोंड मातीत. उठेल त्याला मी लाथ घालीन."

आम्ही पडलो. राख अजून कढत होती. छातीला, गुडघ्यांना चटके बसत होते. सून बाईच्या पाठीवर आडवी पडली होती. मग मोठा जाळ आला. बघितला नाही, डोळे मिटलेले होते. कानाच्या पाळ्या सोलून निघाव्यात तशी धग, आणि श्वास घ्यायला हवाच नाही. कोणीतरी देवाचं नाव घेत होतं. मी घेत नव्हते. मी राबाचा विचार करत होते, त्या चौथ्या बाजूचा.

आवाज वर गेला. कातळाला लागून संपला. मी डोकं वर केलं तेव्हा सगळं काळं होतं, आणि धुरातून सूर्य वर आलेला दिसत होता, कुंकू पुसल्यासारखा. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. फोटोही कोणी काढला नाही.

खाली उतरायला बराच वेळ लागला. बाईला दोघे धरून होते. मी अनवाणी, जिथे दगड होते तिथून चालले. शेताजवळ पाड्यातली माणसं जमली होती आणि जंगलखात्याचा एक वनरक्षक आला होता. आमच्या माणसांनी आगीचं कारण तोवर ठरवूनही टाकलं होतं. "शहरातली मानसं ती. बिडी टाकली असंल." आणि गंमत म्हणजे नवऱ्यानेही हात जोडले. "आमची शेगडी," म्हणाला, "आमचीच चूक. आम्हाला माफ करा." शेगडी वर होती, आग खालून आली. एवढं शिकलेला माणूस, मनगटावर तसलं घड्याळ, आणि त्याला एवढं कळेना. जगात काहीही घडलं तरी ते आपल्यामुळेच घडलं असणार, असं या लोकांना वाटतं.

वनरक्षक सुनेकडे वळला. "कार्ड बघू तुमचं. शेगडी न्यायची नाही हे माहीत होतं ना?"

सुनेने गळ्यातलं कार्ड काढलं. तिने राब बघितला होता. येतानाच बघितला होता, मी तिच्या मागेच होते. राबाच्या चौथ्या बाजूपासून काळी जीभ निघाली होती आणि सरळ सोंडेवर गेली होती. तरी ती कार्ड त्याच्या पुढे धरून उभी राहिली.

"ते ठेव गळ्यात," मी म्हटलं. "साहेब, इकडं या."

मी त्याला राबावर नेलं. राखेत हात घातला आणि आतलं निखारलेलं शेण बाहेर काढून दाखवलं. बोटं भाजली, तशीही भाजलेलीच होती.

"आग ह्यातली. राब माझा. भाजून सोडून गेले मी."

"आजी, तुम्ही? एवढ्या वर्षांच्या तुम्ही?"

"म्हनूनच सांगते. पोरीनं सोडला असता तर मी तिला झोडली असती."

त्याने मग वही काढली, माझं नाव विचारलं, लिहून घेतलं. पाड्यातली माणसं माझ्याकडे बघत होती. त्या वर्षी पाड्यात सगळ्यांनी राब पहाटे भाजला आणि राखेजवळ माणूस बसवला. काही घरांनी दोन बसवले, मला दिसेल असे.

शेवटी वनरक्षकाने विचारलं, आग लागली तेव्हा वर किती माणसं होती. मी म्हटलं, पाच. तीन पाहुणे, माझी सून आणि मी.

"आणि खाली किती आली?"

"पाच," सून म्हणाली.